कुंडी कुणाची?

मैत्रिणींनो,

गेल्या वर्षी ऑक्टोबरात गोराईतल्या आपल्या गटाची बैठक ठरलेल्या विषयावर झालीच नाही. विषय होता रेशनकार्डावरच्या नावांचा. बैठक सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली असतील, तेवढ्यात एक मैत्रीण घाईघाईने आली आणि पिशवीतून मेथीची जुडी काढून तिने सतरंजीवर ठेवली. जुडी कसली, मूठभर कोवळी पाने, मुळांना अजून माती चिकटलेली. खिडकीच्या ग्रिलमध्ये, बिस्किटांच्या जुन्या डब्यात तिने ती स्वतः उगवली होती. म्हणाली, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मेथी किती निवडली त्याला गणती नाही. पण उगवताना मी पहिल्यांदाच बघितली."

रेशनकार्ड बाजूला राहिले. कुणाला माहेरची वाडी आठवली, कुणाला आजीने परड्यात लावलेला अळू. पुढच्या महिन्यात आठ जणींच्या घरी कुंड्या आल्या. कुंड्या म्हणजे तेलाचे कापलेले कॅन, रंगाचे डबे, फुटकी बादली. मीही एक लावली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, वस्त्यांची सर्वेक्षणे केली, पण धणे अख्खे पेरायचे नसतात हे मला माहीत नव्हते. माझी कोथिंबीर पहिल्यांदा उगवलीच नाही. दुसऱ्यांदा उगवली ती मी पाणी घालून घालून कुजवली.

होळीपर्यंत आठांपैकी तिघींच्या कुंड्या उरल्या. पाच जणींनी सोडून दिले. का सोडले, हे विचारायला मी घरोघरी गेले. त्या पाच घरांत जे ऐकले, त्यावरच हे संपादकीय लिहीत आहे.

एकीच्या ग्रिलमध्ये कुंड्यांच्या जागी मुलाची सायकल आली. ग्रिल घरातल्या सगळ्यांची, तिची एकटीची नव्हे, असे तिला सांगण्यात आले. दुसरीकडे पाणी सकाळी ठरावीक वेळच येते. पिंप, हंडे, बादल्या भरून झाल्यावर झाडांसाठी तांब्याभर पाणी काढले की सासूबाई बोलत. तिसरीच्या कुंडीतले पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकले, तक्रार झाली आणि नवऱ्याने कुंड्या उचलून गच्चीच्या जिन्यात ठेवल्या. तिथे ऊन नव्हते. चौथी दोन घरची कामे करून संध्याकाळी सातला परतते. ती म्हणाली, "ताई, उगवलेलं बघायला बरं वाटायचं, पण ते माझं अकरावं काम झालं होतं." पाचवीची मिरची मात्र खरोखर किडीने गेली. पांढरा चिकट कापूस धरला आणि झाड वाळले.

म्हणजे पाचांतली एकच बागकामात हरली. बाकीच्या चौघी हरल्या त्या जागेपायी, पाण्यापायी, वेळेपायी आणि घरात आपला शब्द चालत नाही म्हणून. बागकामाची पुस्तके नवशिकीला माती, ऊन आणि खत यांविषयी पुष्कळ सांगतात. कुंडी ठेवायला खिडकी कुणाची, हे त्यांत नसते.

आपण गोराई म्हणतो तेव्हा खरे तर दोन गावांची नावे घेतो. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, म्हाडाची वसाहत आहे. १९८५ ते १९९४ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला गेला, त्यात चारकोप, मालवणी यांच्याबरोबर इथेही लहान लहान भूखंड आखून दिले गेले आणि लोकांनी त्यांवर आपापली घरे बांधली. आपला गट या अलीकडच्या गोराईतला. खाडीपलीकडे मूळ गोराई गाव आहे. तिथे जायचे तर बोटीने खाडी ओलांडायची, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा रस्ता धरायचा. तिथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मासेमारीबरोबरच वाड्यांमध्ये भाजीपाला पिकवणे हा तिथला जुना उद्योग.

त्या वाड्यांतली भाजी घेऊन पलीकडच्या बायका सकाळच्या बोटीने अलीकडे येतात. आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मावशींकडून मी कित्येक वर्षे पालक, मुळा घेत आले. दर वेळी पाच रुपयांवरून घासाघीस केली. माझी कोथिंबीर दुसऱ्यांदा मेली तेव्हा सहज त्यांना सांगितले. त्या हसल्या. धणे लाटण्याने हलके रगडून दोन करायचे, रात्रभर भिजवायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाण्याचे नाव काढायचे नाही, एवढे त्यांनी सुट्टे पैसे मोजता मोजता सांगितले. तिसऱ्यांदा माझी कोथिंबीर आली. ज्या ज्ञानासाठी मी पुस्तके चाळत होते, ते रोज माझ्यासमोर टोपली घेऊन बसत होते आणि मी त्याच्याशी पाच रुपयांचा वाद घालत होते.

त्याच मावशींनी बावखलांविषयी सांगितले. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाचे पाणी त्यात साठते आणि आजूबाजूच्या विहिरींना ओल राहते. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये असलेल्या गावात वाड्या पिकल्या त्या या गोड्या पाण्यावर. गेल्या काही वर्षांत गोराई-कुळवे भागातली अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली. २००६-०७ च्या सुमारास गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. बावखल बुजते तेव्हा जमिनीचा भाव वाढतो आणि वाडीतली भाजी कमी होते. वाढलेल्या भावाचा हिशोब सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याशी होतो. भाजी कमी झाल्याची झळ टोपली उचलणारीला लागते.

कायदा काही आंधळा नाही. ईस्ट इंडियन ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तेव्हा, भावाइतकाच वाटा आहे. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. तरीही भावाची माया तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्या गटातही आहेत. माहेरची वाडी आठवून ज्यांचे डोळे त्या बैठकीत भरून आले, त्यांतल्या एकीचेही नाव त्या वाडीवर नाही. डब्यातल्या मेथीने निदान हे बोलायला लावले.

बाईचे शेतातले श्रम आणि जमिनीची मालकी यांची सांगड घालण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, म्हणजे नवऱ्याने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा. त्यानंतर 'सीताशेती' हा विचार मांडला गेला. बाहेरून विकतचे काही न आणता, बाईने आपल्या तुकड्यावर आपल्या बुद्धीने प्रयोग करीत शेती करावी, अशी ती कल्पना. हक्क नवऱ्याच्या उदारपणावर सोडावा का, यावर मतभेद होऊ शकतात आणि आमचेही आहेत. पण बाईला शिकायचे असेल तर प्रयोग करायला, चुकायला तिच्या हक्काचा तुकडा हवा, हे त्यात अचूक ओळखले होते. माझी कोथिंबीर तिसऱ्यांदा आली, कारण पहिल्या दोन वेळा ती मेल्याबद्दल मला कुणी बोलले नाही. चौघी मैत्रिणींना ही मुभा नव्हती.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आज सगळ्यांना ठाऊक आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घराभोवतीच्या जागेत गावठी वाणांची परसबाग केली, बियाणे जपले, बायफ संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभारली आणि २०२० ची पद्मश्री त्यांच्या नावे जाहीर झाली. बियाणे राखण्याचे काम आपल्या आज्या-पणज्यांनी राखेत, मडक्यात, भिंतीतल्या कोनाड्यात केलेच होते. त्याला ज्ञान म्हणायला मात्र एवढी वर्षे लागली.

शहरातले एक उदाहरण आम्हांला त्याहून जवळचे वाटते. २००२ साली तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात प्रीती पाटील केटरिंग अधिकारी होत्या. हजारो कामगारांच्या जेवणातून रोज निघणाऱ्या भाजीच्या सालीदेठांचे काय करायचे, या प्रश्नातून त्यांनी स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून मांडलेली पद्धत त्यांनी उचलली : पालापाचोळा आणि ओला कचरा यांची माती बनवायची आणि त्यातच पिकवायचे. तिथे भाज्या आल्या, फळझाडेही आली. आम्हांला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ती बाग एका बाईच्या रात्रीच्या झोपेतून वेळ चोरून झाली नाही. जागा संस्थेची होती, पाणी संस्थेचे होते आणि हात तिथल्या कर्मचाऱ्यांचे होते.

ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की गोराईच्या माणसाला डोंगर आठवतो. खाडीकाठचे डंपिंग १९७२ पासून २००७ पर्यंत चालू होते. सुमारे १९ हेक्टरांवर शहराचा कचरा साचला, पावसाळ्यात त्याची दुर्गंधी घराघरांत शिरली. २००७ नंतर तो डोंगर शास्त्रीय पद्धतीने झाकून बंद केला गेला. त्याखाली आपणच टाकलेली मेथीची देठे आणि केळ्याची साले आहेत. त्या डोंगरावर कचरा वेचून ज्यांनी पोट भरले त्यांतही बायका होत्या. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' उपक्रमातून कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित केले, खत बनवण्याचे प्रशिक्षण दिले. सोसायटीत खत करायचे असेल तर अशा जाणकार बायकांना मोबदला देऊन बोलवावे. त्यांचे कौशल्य फुकट मागू नये.

आता ज्या नव्याने सुरुवात करणार आहेत, त्यांच्यासाठी आमच्या आठ घरांच्या अनुभवातून चार गोष्टी.

मेथीपासून सुरुवात करा. घरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवा, वीतभर खोल डब्यात पसरा, वर बोटाच्या पेराएवढी माती टाका. तीन-चार दिवसांत कोंब दिसतो, तीन-चार आठवड्यांत भाजी. त्यानंतर कोथिंबीर. तिला उगवायलाच आठ ते पंधरा दिवस लागतात, तेव्हा धीर सोडू नका. बाजारच्या पुदिन्याची जाड देठे पाण्यात ठेवली की आठवड्याभरात मुळे फुटतात. गवती चहा, पान ओवा, तुळस फारसे काही मागत नाहीत. मिरची, टोमॅटो यांना फूटभर खोल कुंडी आणि पाच-सहा तास ऊन लागते, म्हणून ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. मुंबईत पालेभाज्यांना ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मानवतो. भर पावसात रोपे कुजतात.

डब्याच्या तळाला भोके हवीतच. खाली ताटली ठेवली तर तिच्यात पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचे डास स्वच्छ साठल्या पाण्यातच होतात. तांदूळ, डाळी धुतलेले पाणी झाडांना चालते, त्यामुळे पिंपातल्या पाण्यावरून होणारा वाद निम्मा कमी होतो. मिरचीवर पांढरा कापूस दिसला तर किडलेली फांदी काढून टाका आणि निंबोळी तेलाचे चार थेंब साबणाच्या पाण्यात घालून फवारा. खतासाठी भोके पाडलेल्या डब्यात ओल्या कचऱ्याच्या दुप्पट वाळला पाला घाला, थोडे आंबट ताक शिंपडा, अधूनमधून हलवा. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास येऊ लागतो. वास घाण आला तर पाला कमी पडला असे समजा. खाडीकाठची किंवा डंपिंगच्या आसपासची माती मात्र फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात खार असतो आणि कचऱ्यातून झिरपलेले विषारी धातूही असू शकतात.

एवढे सांगून थांबलो असतो तर आमचेही पान कुठल्याही गृहिणी-विशेषांकात शोभले असते. पण अकरावे काम म्हणणारी मैत्रीण विसरता येत नाही. २०१९ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. या २९९ मध्ये आणखी वीस मिनिटे घालून 'घरची ताजी भाजी, विषमुक्त आहार' असे त्याचे गोडवे गायचे असतील तर तो बाईवर लादलेला नवा नेम होईल. हरतालिकेच्या उपासासारखा, तिने करायचा आणि पुण्य घराला.

खाण्याचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच्या आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. खिडकीतल्या मेथीने हे भरून निघणार नाही, तसे आश्वासन आम्ही देत नाही. पण पहिली जुडी कुणाच्या ताटात गेली, असे मी आठही जणींना विचारले. सहा जणी म्हणाल्या, मुलांच्या. एक म्हणाली, नवऱ्याने मित्रांना कौतुकाने दाखवली आणि देऊन टाकली. एकटी, सव्वीस वर्षांच्या संसाराची ती पहिली मैत्रीण, जरा लाजत म्हणाली, "मी कच्चीच खाल्ली. उभ्या उभ्या, खिडकीत." त्या उत्तरावर आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या.

जिथे कुंड्या टिकल्या, त्या तीन घरांत काय वेगळे होते तेही पाहिले. एका घरी सातवीतला मुलगा शाळेत जाण्यापूर्वी पाणी घालतो. दुसरी एकटी राहते, खिडकी तिची आहे. तिसरीच्या घरांच्या मधल्या चौकात चार शेजारणींनी मिळून कुंड्या मांडल्या आणि पाण्याचे वार वाटून घेतले. कुणी गावाला गेली तरी झाडे मरत नाहीत. चौकात कुंड्या ठेवायला त्यांना सोसायटीच्या सभेत जाऊन परवानगी मागावी लागली. त्या चौघींपैकी तिघी सोसायटीच्या सभेला त्या दिवशी पहिल्यांदा गेल्या होत्या. घर नवऱ्याच्या नावावर म्हणून सभेलाही तोच जात असे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : जरूर पेरा. पेरण्याआधी घरात तीन गोष्टी ठरवून घ्या. ही जागा माझी राहील. पाणी घालायचे वार घरातल्या सगळ्यांत वाटले जातील, त्यात पुरुषांचे आणि मुलग्यांचे वार असतील. पहिल्या जुडीतला घास माझा. घरात जमत नसेल तर चौक, गच्ची शोधा आणि चौघी मिळून मागा. पलीकडच्या मावशींकडून शिकत असाल तर घासाघीस थांबवा, आणि बावखल बुजवण्याविरुद्ध त्या उभ्या राहतील तेव्हा बोटीत बसून पलीकडे जा.

रेशनकार्डाची राहिलेली बैठक पुढच्या महिन्यात घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली वयाने सर्वांत मोठी सज्ञान बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असते, हे त्या दिवशी वाचून दाखवले. मेथीवाली मैत्रीण म्हणाली, "कार्डावर मी प्रमुख, मग खिडकी विचारून कशाला?" आम्ही ते इतिवृत्तात लिहून ठेवले आहे.

पुढच्या अंकासाठी तुम्हीही लिहा. तुमच्या घरी काय उगवले ते लिहाच, पण पाणी कुणी घातले, जागेवरून काय झाले आणि पहिला घास कुणी खाल्ला, हेही लिहा. मेलेल्या रोपांच्या हकिकतीही पाठवा. त्यांनी आम्हांला जास्त शिकवले.

सस्नेह,
संपादक मंडळासाठी